डॉक्टरीणबाईंचे हात

१२ जानेवारी

न्यायाधीश आज वितळले. आधी मिशी गेली, मग नाक, मग तो निकाल देताना उचललेला जबडा. डोळे मी आधीच काढून डबीत ठेवले होते. चांगले काचेचे डोळे हल्ली मिळत नाहीत.

साहेबांचा हुकूम आहे. आमच्या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात तळमजल्यावर ‘एकोणिसाव्या शतकातील थोर व्यक्ती’ असं दालन आहे. थोर म्हणजे सगळे पुरुष — सेनापती, न्यायाधीश, पूल बांधणारे इंजिनिअर आणि एक कवी, ज्याच्यापाशी लोक फक्त बुटाची नाडी बांधायला थांबतात. आता तिथे त्याच शतकातल्या थोर बायका हव्यात. मार्चमध्ये उद्घाटन. नवीन मेण मागितलं तर साहेब म्हणाले, "आहेत त्या पुरुषांतून काढा ना."

काढते. ज्यांनी त्या काळी या बायकांना दारात उभं केलं नाही, त्यांच्याच मेणातून त्या उभ्या राहणार! हे वाक्य मला इतकं आवडलं की चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवलं. कुणी हसलं नाही. वन्सं म्हणाल्या, "तुझं पातेलं उतू जातंय."

जात होतं खरंच.

१५ जानेवारी

चार जणी ठरल्या. मुलींची पहिली शाळा काढणारी मास्तरीणबाई. नवरा वारल्यावर त्याचं वर्तमानपत्र स्वतः चालवणारी छापखानेवाली. गच्चीवर दुर्बीण लावून धूमकेतू शोधणारी आकाशवाली. आणि आपल्या गावात पहिल्यांदा शस्त्रक्रिया करणारी डॉक्टरीणबाई.

डॉक्टरीणबाईंची गोष्ट फार झकास आहे. परीक्षक म्हणाले, बायकांचा हात कापतो, त्यांच्या हाती चाकू कसा द्यायचा? बाईंनी हात पुढे केला, तळहातावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि म्हणाल्या, "आता विचारा प्रश्न." सगळी तोंडी परीक्षा तशीच दिली. थेंब सांडला नाही म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! पण साहेबांना पुतळा तसाच पाहिजे — हात पुढे, पेला, सगळं.

बाईंचा फोटो एकच आहे. त्यात दोन्ही हात शालीत. म्हणजे चेहरा आहे, हात नाहीत, आणि पुतळा तर हाताचाच.

१८ जानेवारी

इथे लिहायला हरकत नाही. इथे कोण वाचतंय?

माझा उजवा हात कापतो. पावसाळ्याच्या आधीपासून. आधी नुसता अंगठा, मग पहिलं बोट, आता मनगटापर्यंत. नुसती बसलेली असले की जास्त. आप्पांचं असंच सुरू झालं होतं. पुढे त्यांना चमचा तोंडापर्यंत नेता येईना, आई भरवायची, आणि ते भिंतीकडे तोंड करून घास घ्यायचे.

मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, साहेबांना तर नाहीच. मेणाच्या डोक्यात एकेक केस सुईने रोवणाऱ्या बाईचा हात कापतो म्हटल्यावर तिला कोण ठेवून घेईल? आणि हे काम गेलं तर मी काय करायचं? घरी बसून ह्यांच्याबरोबर शब्दकोडं सोडवायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा मूठ झाकून, म्हणजे एप्रनच्या खिशात घालून, हिंडते. साहेबांना वाटतं माझा रुबाब वाढलाय.

आणि माझ्याच वाट्याला कोण यावी? जिचा हात कापला नाही ती!

१९ जानेवारी

हात कापण्याबद्दल काल लिहिलेलं वाचलं. अक्षर असं आहे की गुपित फुटायची भीती नाही.

२३ जानेवारी

वन्संबद्दल लिहिलं नाही तर आज जेवण पचणार नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. ह्यांच्याहून धाकटी, माझ्याहून मोठी. म्हणजे ती मला ‘तू’ म्हणणार आणि मी तिला ‘तुम्ही’. लग्न केलं नाही. आमच्याच माडीवर राहतात. पुतळ्यांचे कपडे शिवायला माणूस हवा होता तेव्हा मीच साहेबांना त्यांचं नाव सुचवलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला मला दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही. तेव्हापासून दिवसा संग्रहालयात वन्सं, संध्याकाळी घरी वन्सं.

कोटाच्या आतलं अस्तरसुद्धा त्या काळासारखं हवं म्हणून हटून बसतात. मी म्हटलं, "वन्सं, सेनापतींचं अस्तर बघायला कोण येणार आहे?" तर म्हणाल्या, "सेनापतींना कळतं ना." काम करताना गुणगुणतात. आवाज रेडकू हरवलेल्या म्हशीसारखा.

आणि आजचं ऐक. माझ्या एप्रनची सगळी बटणं न विचारता काढून टाकली आणि तिथे चिकटपट्ट्या लावल्या! शाळकरी पोरांच्या बुटांना असतात तसल्या. म्हटलं, हे काय? तर म्हणे, "हल्ली तशीच पद्धत आहे." काढताना चर्रर्र आवाज होतो. साहेब दचकले.

२७ जानेवारी

मास्तरीणबाई तयार झाल्या. गडबड आहे. वेळ वाचवायला मी न्यायाधीशांच्या डोक्याचा जुना साचा घेतला, नाक जरा तासलं, जबडा घासला, वर अंबाडा बांधला. मला वाटलं, बाई करारी दिसतेय. साहेब आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "या आपल्याला शिक्षा सुनावणार आहेत का?"

वन्संनी गळ्याशी लेसची मोठी पट्टी लावली, जबडा अर्धा झाकला. आता बरं दिसतंय. आभार मानले नाहीत. अस्तरावरून अजून राग आहे.

३० जानेवारी

छापखानेवाली आणि आकाशवाली सुरळीत पार पडल्या. आकाशवालीची नजर वर असल्यामुळे तिच्या भांगाकडे कुणाचं लक्ष जात नाही. देवाची कृपा, कारण भांग पाहण्यासारखा नाही.

२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचं डोकं मात्र मी फोटोवरून नवं घडवलं. आधी मातीत, मग साचा, मग मेण. चेहरा जमलाय. स्वतःचं कौतुक करू नये, पण इथे दुसरं कोण करणार? डोळे न्यायाधीशांचेच बसवले. बाईंना शोभतात.

आज केस सुरू केले. मानेपासून वर जायचं, एकेक केस, दुभंगलेल्या टोकाच्या सुईने. पहिली ओळ सरळ. दुसरी बरी. तिसऱ्या ओळीला हात असा काही सुटला की सुई बाईंच्या कानात. मी चक्क "सॉरी" म्हणाले. पुतळ्याला!

चौथी ओळ उद्या.

३ फेब्रुवारी

चमत्कार. काल सोडलेल्या ओळी आज पाहिल्या तर सगळ्या सरळ. तिसरीसुद्धा. कानावरचं भोकही दिसेना. मीच काल उगाच घाबरले असणार. घाबरलं की सगळंच वाकडं दिसतं.

सध्या रबराचा चेंडू दाबायचा व्यायाम करते. त्याचाच गुण असणार.

५ फेब्रुवारी

रोज तेच. संध्याकाळी वाटतं, रांगा नुसत्या शिंपडल्यात. सकाळी पाहावं तर शिस्तीत! चेंडू म्हणजे काय चीज आहे. ह्यांनाही आणून दिला. ते म्हणाले, "मी कशाला दाबू?" त्यांना कारण सांगता येईना, तेव्हा म्हटलं, "राग कमी होतो." म्हणाले, "मग तो तुझ्याकडेच असू दे."

८ फेब्रुवारी

आज फुशारकी मारायची लहर आली. सकाळी चहाला डॉक्टरीणबाईंसारखा हात पुढे केला आणि तळहातावर काठोकाठ भरलेला कप ठेवला. हे पेपर वाचत होते. कप खडखडायला लागला, मग नाचायला लागला, मग सगळा चहा मुख्य बातमीवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"पेपरला चहा पाजलास का?" ह्यांनी विचारलं.

"हो, बातम्या फार कोरड्या होत्या," मी म्हटलं.

वन्सं फडकं घेऊन आल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही. मला ते उद्धटपणाचं वाटलं.

मग चेंडूचा गुण गेला कुठे?

११ फेब्रुवारी

वन्सं हात मागतायत. रोज. "डॉक्टरीणबाईंचे हात कसे आहेत ते सांग, बाही त्यावर बेतायची आहे. मनगट रुंद की बारीक?" मी म्हटलं, होतील. त्या म्हणाल्या, "कुणाचे घेणार?"

पुतळ्यांचे हात कधी घडवत नाहीत. जिवंत माणसाचा साचा घेतात. दातांची कवळी बसवताना माप घ्यायला वापरतात ना, तो लगदा बादलीत कालवायचा, माणसाने त्यात हात बुडवून अजिबात न हलता थांबायचं, लगदा घट्ट झाला की हात अलगद काढायचा. आत पोकळी राहते, त्यात मेण. सुरकुत्या, रेषा, नखाची कड, सगळं उतरतं. इथल्या प्रत्येक पुतळ्याला कुणाचे तरी हात आहेत. कवीला तर आमच्या तिकीट फाडणाऱ्याचे. त्याला त्याचा अजून अभिमान आहे.

मी म्हटलं, "कुणाचे म्हणजे? माझे."

का म्हटलं? देव जाणे. आप्पांचा स्वभाव. ज्या जिन्यावर पाय घसरतो त्याच जिन्यावरून मुद्दाम जायचं.

१३ फेब्रुवारी

आपला हात जगन्नाथ. सगळे जेवायला गेल्यावर दार लावलं, लगदा कालवला, हात घातला. मनात म्हटलं, बाई, दोन मिनिटं. फक्त दोन. श्वास धरला. हाताला सांगितलं. विनवणी केली. शेवटी शिव्या दिल्या.

मेण ओतून काढलं तर हात निघाला तो हात नव्हताच. बोटं सुजल्यासारखी, एकही रेष नाही, नखं पुसलेली. ओल्या मातीत कुणी हात घातला आणि मागून ढकललं, तसा.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर अंगठा दोन अंगठ्यांएवढा.

हे तिन्ही हात मी पातेल्यात टाकले. वितळेपर्यंत तिथेच उभी राहिले. रडले, लिहून टाकते. मग साहेब आले आणि विचारलं काय झालं, तर म्हटलं, मेणाचा धूर.

१४ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं, लगदा जुना आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. साहेबांनी बिचाऱ्यांनी नवा मागवला.

१७ फेब्रुवारी

चष्मा संग्रहालयातच विसरला होता. त्याच्याशिवाय पेपरही वाचता येईना, म्हणून आज लवकर गेले. माझ्या खोलीतून म्हशीचा आवाज.

वन्सं माझ्या स्टुलावर बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंचं डोकं मांडीत. हातात दुभंगलेली सुई. कालची माझी रांग उपसून पुन्हा रोवत होत्या. एका बाजूला माझे उपसलेले केस कागदावर नीट ठेवलेले, फेकलेलेसुद्धा नाहीत.

चेंडू! काय चेंडू! मी किती मूर्ख असावं याला काही मर्यादा?

मी फार वाईट बोलले. माझ्या कामाला हात लावायचा तुम्हाला अधिकार कुणी दिला, तुम्ही कपडे शिवा, तुमची लुडबुड घरी पुरत नाही का. असलं बरंच. वन्संनी सुई खाली ठेवली. म्हणाल्या, "तुझ्या वडिलांच्या हातातून कपबशी निसटताना मी पाहिलीय वहिनी. लग्न ठरवायला आलो होतो तेव्हा. तुझ्याही पाहिली, गेल्या पावसाळ्यात."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

मी तिरीमिरीत एप्रन काढायला गेले. एका ओढीत चर्रर्र करून निघाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. महिना होत आला, बटणाशी झगडावं लागलेलं नाही. तो झगडा मी रोज सकाळी मोरीत दार लावून करत होते आणि मला वाटायचं, कुणाला पत्ता नाही.

तरीही माफी मागितली नाही. चष्मा घेतला आणि तळमजल्यावर जाऊन कवीपाशी बसले.

१८ फेब्रुवारी

बोलणं नाही.

१९ फेब्रुवारी

बोलणं नाही. डॉक्टरीणबाईंच्या केसांची एक ओळ मी स्वतः केली, वाकडी. आज ती कुणी सरळ केली नाही. मला राग आला! सरळ केली तरी राग, नाही केली तरी राग. माझं काय करावं?

२१ फेब्रुवारी

आज साहेबांना सांगितलं. स्वतःहून. दार लोटलं, हात खिशातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. तो त्यांच्या कागदांवर थडथडायला लागला. "हे असं आहे," म्हटलं. "पावसाळ्याच्या आधीपासून."

साहेबांनी हाताखालचे कागद अलगद ओढून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही माझ्यावर चिडून थरथरत नव्हता?"

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम, आणि साहेबांनी मला पाण्याचा पेला दिला. मला! पेला! दोघांनाही कळलं, मग तेही हसले. म्हणाले, दालन पूर्ण करा, पुढचं पुढे. पुढे काय ते त्यांनाही ठाऊक नाही. पण आजच्या आज घरी पाठवलं नाही.

२२ फेब्रुवारी

माडी चढून गेले. वन्सं कुठल्याशा बाहीला धावदोरा घालत होत्या. मी म्हटलं, "वन्सं, मला हात हवाय."

"कुठला?" असं विचारून त्यांनी दोन्ही पुढे केले.

२४ फेब्रुवारी

लगदा मी कालवला. कालवायला माझा हात फार चांगला आहे, आपोआप ढवळतो. वन्संना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत, म्हणून मला जास्त हसू आलं.

वन्संनी बाही वर केली, हात बुडवला आणि थांबल्या. एखादं माणूस इतकं स्वस्थ थांबू शकतं! त्या थांबल्या होत्या आणि मी आपली समोर, हात मांडीखाली दाबून.

"डॉक्टरकडे जाऊन आलीस?"

"नाही."

"का?"

"ते तेच सांगतील म्हणून."

"सांगू देत. आधी तेच आहे का ते तरी कळेल. मी येईन बरोबर." मग जरा वेळाने, "भरवायची वेळ आली तर भिंतीकडे तोंड करायचं नाही हं. मला समोर बसवायचं."

आप्पा भिंतीकडे तोंड करून जेवायचे, हे मी वन्संना कधी सांगितलं होतं? आठवत नाही. कधी तरी सांगितलं असणार, आणि त्यांनी ते ठेवलं असणार.

मला भीती वाटते. खूप वाटते. आज पहिल्यांदा तोंडाने म्हटलं, वन्संसमोर. त्या म्हणाल्या, "हलवू नकोस मला, अजून घट्ट झालं नाही."

मेणाचा हात निघाला तो असा! तळहाताच्या सगळ्या रेषा, मनगटाची शीर, नखाची चंद्रकोर. पहिल्या बोटाच्या टोकाला सुईने टोचून टोचून झालेला खडबडीत डाग. साहेब म्हणाले, तो घासून टाका. मी म्हटलं, का? डॉक्टरीणबाईही आयुष्यभर शिवतच होत्या. फक्त कापड वेगळं.

२ मार्च

जाऊन आलो. तेच आहे. गोळ्या दिल्यात, व्यायाम दिलेत. चेंडूही दिला, तोच! वन्संनी गोळ्यांची चिठ्ठी घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवली. जिना चढताना माझा दंड धरला. मी सोडवून घेतला नाही.

ह्यांना सांगितलं. हे शब्दकोडं सोडून जवळ आले आणि माझा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून बसले. मुंगी धरावी तसा. कोडं तसंच राहिलं.

६ मार्च

उद्घाटन झालं. भाषण लांबलं. मास्तरीणबाईंसमोर पाहुणे जरा सावरून उभे राहत होते, न्यायाधीश कुठे जात नाहीत. डॉक्टरीणबाईंच्या तळहातावर पाण्याचा खरा पेला, काठोकाठ. एका मुलीने आईला विचारलं, "हिचा हात दुखत नाही का गं?" आई म्हणाली, "मेणाचा आहे." मुलीला पटलं नाही. तिने त्या बोटाच्या डागाला हळूच हात लावला.

वन्सं मागे उभ्या होत्या, स्वतःचे हात पदराआड लपवून. लाजल्या! मला हे मरेपर्यंत पुरेल.

साहेबांनी विचारलं, पुढचं दालन कुणाचं करायचं. म्हणजे मी अजून आहे. चेहरे मी, केस वन्सं, असं ठरलंय. त्या स्टुलासाठी भांडण होणार.

११ मार्च

आज चार ओळी लिहायला फार वेळ लागला. दोन मलाच वाचता

१५ मार्च

हे अक्षर माझं. वहिनी समोर बसून सांगतेय, मी लिहितेय. मागची पानं वाचायची नाहीत, अशी तिने आधी शपथ घातली. घेतली.

ती सांगतेय, लिहा : आज हात बरा आहे.

बरा नाहीये. पण तिने सांगितलं तसं लिहिलंय.

आणि मी म्हशीसारखी गात नाही.